सुतकातलं दूध

मालक गेले त्या सकाळी मी म्हशींच्या धारा काढल्या. गावात अजून हे सांगतात. माझ्या तोंडावर नाही, पण सांगतात. नवरा ओसरीत निजवलेला, बायका गोळा झालेल्या, आणि ही बया बादली घेऊन गोठ्यात गेली. त्यात खोटं काहीच नाही. फक्त म्हशी सहा वाजल्यापासून ओरडत होत्या आणि साडेसातपर्यंत त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं, एवढं मात्र कुणी सांगत नाही.

माझे मालक, म्हणजे माझा नवरा, गोठ्यातच पडले होते. वैरण टाकता टाकता खाली बसले, आणि बसले ते उठलेच नाहीत. डोंगरकड्याहून डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं आणि माझ्याकडे न बघता थोरल्या दिरांना बाहेर नेलं. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. दुखणं नाही, खुपणं नाही. लोक म्हणाले, मरण चांगलं आलं, कुणाला तकलीफ दिली नाही. मला त्यांचा रागही आला नाही. मला काहीच आलं नाही. कान उघडे होते, डोळे उघडे होते, आणि आतलं माणूस कुठंतरी बाहेरगावी गेलं होतं.

हात मात्र बराबर चालले. दोन म्हशी, एक गाय. दूध काढलं, गाळलं, कॅनमध्ये ओतलं, झाकण दाबलं आणि कॅन दाराशी नेऊन ठेवला. रोज तिथून तो मालक उचलायचे आणि डेअरीवर नेऊन घालायचे. माझ्या मागोमाग थोरली जाऊ आली. तिनं कॅनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "अगं, सुतक लागलं ना आपल्याला. हे कुठं न्यायलीस?"

तिनंच कॅन उचलला आणि उकिरड्यावर उपडा केला. मी तिथं उभी राहून बघत होते. शेणावरून दूध दाट, सावकाश खाली उतरत होतं. आज फॅट चांगली लागली असती, असं माझ्या मनात आलं. नवरा मेलेल्या बाईच्या मनात काय काय येतं याची मला तोवर कल्पना नव्हती. लिहिताना लाज वाटते, पण तेच आलं.

आमच्या गावात सुतकातल्या घरचं दूध दुसऱ्याच्या चुलीवर चढत नाही. कुणाच्या देवापुढं जाईल, कुणाच्या लेकराच्या तोंडात जाईल, म्हणून दहा दिवस ते घरातच जिरवायचं. वासराला पाजा, तूप करा, नाहीतर ओतून द्या. पूर्वी या रिवाजानं कुणाचं काही अडायचं नाही. एका घरचं दूध थांबलं तर थांबलं. पण सुतक एका घराला लागत नाही, भावकीला लागतं. आणि आमचं निम्म्याहून जास्त गाव एकाच भावकीचं आहे. डेअरी सुरू झाल्यापासून गावाचं दूध एका जागी गोळा होतं. म्हणजे भावकीत माणूस गेलं की निम्म्याहून जास्त गावाचं दूध एकदम बंद. हे डेअरी उघडताना कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मालकांच्याही नाही, आणि डेअरी तर त्यांच्याच डोक्यातून निघाली होती.

त्याआधी काय होतं ते सांगायला हवं. रोज सकाळी आमच्या गावातून अकरा मोटारसायकली कळमनुरीला जायच्या. प्रत्येकीला दोन्ही बाजूंनी कॅन बांधलेले. जाऊन-येऊन दोन-अडीच तास मोडायचे. कुणाचं हॉटेल ठरलेलं, कुणाची घरं ठरलेली. हॉटेलवाला एखाद्या दिवशी "आज नको" म्हणाला की त्या उन्हात दारोदार फिरा. चैत्र-वैशाखात तर दूध रस्त्यातच नासायचं, आणि मालक रिकामे कॅन आणि नासकं दूध दोन्ही परत घेऊन यायचे. टायर घासायचे, पेट्रोल जळायचं, आणि पावसात गाडी घसरली तर माणूस जखमी आणि दूध चिखलात. शिवाय पेंड प्रत्येकानं आपापली एकेक पोतं आणायची, दुकानदार सांगेल त्या भावानं. म्हैस आजारी पडली की जनावरांच्या डॉक्टरला एकट्यानं बोलवायचं, आणि तो औषधाचे पैसे वेगळे घ्यायचा, येण्याचे वेगळे.

मालक एकदा पारावर म्हणाले, "अकरा गाड्या, अकरा माणसं, अन् दूध जाऊन राहिलं एकाच गल्लीत. आपुन दूध विकून राहिलो का पेट्रोल जाळून राहिलो?" लोक हसले आणि दुसऱ्या दिवशी परत अकरा गाड्या गेल्या. असं वर्षभर चाललं. मग एकेक घर वळलं. सहकारी संस्था झाली, शाळेमागच्या एका खोलीत वजनकाटा आला, फॅट बघायचं मशीन आलं, आणि शीतकरण केंद्राची गाडी सकाळी गावात यायला लागली. अकरांच्या जागी एक गाडी. पेंड हिंगोलीहून सगळ्यांची मिळून एकदाच यायला लागली. डॉक्टर गुरुवारी यायचा आणि एका फेरीत सगळ्या गावाची जनावरं बघायचा. गड्यांना सकाळचे दोन तास मिळाले. त्यांनी त्याचं काय केलं ते विचारू नका, पण मिळाले.

थोरले दीर, आमच्याकडे म्हणतात तसे भाया, संस्थेत सगळ्यात शेवटी आले आणि अध्यक्ष सगळ्यात आधी झाले. भावकीत त्यांचा शब्द चालायचा, म्हणून मालकांनीच त्यांना पुढं केलं. स्वतः सकाळी जाऊन कॅन गाडीत चढवायचे आणि कागदावर सही मात्र थोरल्या भावाची.

एक अट होती. गाडी मोठ्या रस्त्यावरून आमच्या फाट्याला वळून गावात यायची तर डेअरीचे चाळीस लिटरचे किमान दोन कॅन भरलेले पाहिजेत. सलग पाच दिवस भरले नाहीत तर गाडी फाट्यावरूनच सरळ जाणार. मालकांना ही अट मान्य होती. आपल्याला अकरा गाड्या न्यायला परवडत नाहीत तसं त्यांनाही एका कॅनसाठी एवढं आत यायला परवडत नाही, असं ते म्हणायचे. ज्या गणितानं आमचा खर्च वाचला तेच गणित उलटं फिरलं की गाडी जाणार होती. डेअरीच्या चार वर्षांत भावकीत दोन म्हातारी माणसं गेली होती, पण ती हिवाळ्यात गेली. तेव्हा गावात दूध भरपूर, बाकीच्या घरांचंच दोन कॅन व्हायचं. मालक गेले चैत्रात. म्हशी आटलेल्या, ऊन पेटलेलं.

हे सगळं मला पहिल्या दिवशी आठवलं नाही. पहिल्या दिवशी मालकांना नेलं, पुतण्यानं अग्नी दिला, घरात चूल नाही म्हणून पाहुण्यांनी आणलेला कडू घास माझ्या तोंडात घातला आणि मी तो गिळला. लेक सासरहून आली, माझ्या गळ्यात पडून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि तिच्या ब्लाउजचं शिवणकाम बघत होते. संध्याकाळी परत धारा काढल्या. दूध वासरांना पाजलं, उरलं ते ओतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डेअरीवर माप घेणारी पोरगी आली. बौद्ध वस्तीतली, बी.ए. झालेली, मशीन तिच्याइतकं गावात कुणालाच येत नाही. भावकीबाहेरच्या बायका अंगणात टेकायच्या, पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत. या पोरीच्या वस्तीत सुतक पाळत नाहीत. ती सरळ आत आली, रांजणातून स्वतःच तांब्याभर पाणी घेतलं, प्याली आणि माझ्या शेजारी बसली. तिचं तसं बसणं मला बरं वाटलं असावं, कारण ते अजून लक्षात आहे.

मग म्हणाली, "काकू, आत्ता बोलायची गोष्ट न्हाई. पण काल एकच कॅन झाला, आज बी एकच, अन् तो बी गळ्यापर्यंत न्हाई. आमच्या वस्तीचं अन् धनगराच्या दोन घरांचं, एवढंच दूध येऊन राहिलं. गाडीवाला म्हणला, आणखी तीन दिवस असं झालं तर केंद्राचे साहेब फाट्यावरूनच गाडी न्यायला लावतेत."

"अध्यक्षांना सांगितलं का?"

"सांगितलं. ते म्हणले, सुतक फिटल्यावर बोलू. काकू, तवर गाडीच राहायची न्हाई."

मी अंगणाकडे तोंड करून "अहो" म्हणायला ओठ उघडले. गाडीचा, डेअरीचा काही घोळ झाला की मी असंच हाक मारायचे. ओठ उघडे राहिले. पोरीनं ते पाहिलं आणि मान खाली घातली. त्या दोन दिवसांत मालक नाहीत हे मला पहिल्यांदा तिथं कळलं, आणि तेही क्षणभरच. लगेच सगळं परत बधीर झालं.

ती गेल्यावर मी भिंतीला टेकून विचार केला. रडणं जमत नव्हतं, विचार करणं जमत होतं. गाडी बंद झाली तर बाकीची घरं काय करतील? शिव्या देतील आणि परत मोटारसायकली काढतील. खर्च वाढेल, दोन तास जातील, पण दूध कळमनुरीला जाईल. माझ्या दारातही मोटारसायकल होती. ती चालवणारा नव्हता. मला सायकलसुद्धा येत नाही. फाटा अडीच किलोमीटर, डोक्यावर कॅन घेऊन मी एक दिवस जाईन, दोन दिवस जाईन. दुसऱ्याच्या गाडीवर आपला कॅन रोज बांधायला सांगून म्हशी राखता येत नाहीत. दोन म्हशी आणि गाय कळमनुरीच्या बाजारात न्यायला लागणार, हे मला लख्ख दिसत होतं. आमची जमीन कोरडवाहू, तीही थोडीच. घर चालत होतं ते दुधावर. दूध गेलं तर मी लेकीच्या सासरी एका कोपऱ्यात बसणार, किंवा भायांच्या घरी चुलीमागं. दोन्हीकडे मला कुणी वाईट वागवलं नसतं. तरी माझ्या पोटात त्या दिवसांत खरी भीती अशी ही एकच होती.

म्हणजे मालकांचे दहा दिवस पाळले की मालकांनी उभी केलेली डेअरी जाणार, आणि डेअरी गेली की त्यांची बायको घरातून उठणार. हे भायांना सांगायला हवं होतं. पण भायांशी मी बोलत नव्हते.

भांडण नव्हतं. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी तोंडाला तोंड लावून बोलत नाही. तेवीस वर्षं डोक्यावर पदर आणि मध्ये जाऊबाई. "आक्का, त्यांना विचारा, चहा ठेवू का." ते चार हातांवर बसलेले. "तिला सांग, ठेव." जाऊबाई दोन्हीकडे मान वळवून थकायची. एकदा जाऊबाई माहेरी असताना मी म्हशीला सांगितलं की पाहुणे जेवायला थांबलेत, आणि भायांनी म्हशीला सांगितलं की बरं, हात धुऊन येतो. मालक ही गोष्ट सगळ्या पाहुण्यांना सांगून हसायचे.

तिसऱ्या दिवशी माणसं राख सावडून आली. अंगणात कडुलिंबाचा पाला चावून, चुळा भरून भावकीतली जाणती माणसं बाजांवर बसली. मी आत उंबऱ्याशी होते. जाऊबाई माझ्याजवळ. मी म्हणाले, "आक्का, त्यांना विचारा, दूध डेअरीला कवा घालायचं."

जाऊबाईनं माझ्याकडे असं पाहिलं की हिचं डोकं फिरलं. पण तिनं विचारलं.

भाया म्हणाले, "तिला म्हणावं, दहा दिवसांत दुनिया बुडत न्हाई."

"आक्का, दुनिया न्हाई बुडत, गाडी बुडते. आज तिसरा दिवस. पाचव्याला गाडी बंद."

"तिला म्हणावं, साहेबाशी मी बोलतो. आपल्या घरच्या माणसाचे दहा दिवस न्हाई पाळायचे तर मग कुणाचे पाळायचे?"

बाजांवरच्या माना हलल्या. बोलणं बराबर होतं. मला त्यांच्याशी वाद घालायचा नव्हता. माझ्यात वाद घालण्याइतकं काही शिल्लक नव्हतं. तरी तोंड चालत होतं. मी म्हणाले, "आक्का, त्यांना म्हणा, केंद्राच्या टाकीत कितीक गावांचं दूध जातं. रोज कुठल्या ना कुठल्या घरात कुणीतरी गेलेलं असतंच की. ते दूध कोण निवडून बाजूला काढतं?"

"त्यांचं त्यांच्यापाशी," भाया म्हणाले. "आपल्याला ठाऊक असून आपुन घालायचं न्हाई. लोकाच्या लेकराला ठाऊक असून पाजायचं न्हाई."

ठाऊक असून. हे त्यांनी दोनदा म्हटलं नसतं तर कदाचित मी गप्प बसले असते. मी उठले, उंबरा ओलांडून बाहेर आले आणि त्यांच्याकडे बघून बोलले. पदर डोक्यावर होता, पण डोळे वर होते.

"दादा, मामंजी गेले तवा तुमच्या भावानं दहाच्या दहा दिवस दूध नेलं. हॉटेलात. मी काढून देत व्हते."

जाऊबाईनं माझं मनगट धरलं आणि सोडलं.

खरं होतं ते. मामंजी, म्हणजे माझे सासरे, गेले त्याला तेव्हा सतरा-अठरा वर्षं झाली होती. डेअरी नव्हती. हॉटेलवाल्यानं निरोप धाडला होता, दोन दिवस खाडा पडला तर दुसरा गवळी बांधीन. ते हॉटेल मिळवायला मालकांनी वर्ष घालवलं होतं. उजाडायच्या आत, रानाच्या वाटेनं, ताज्या भादरलेल्या गोट्यावर रुमाल बांधून ते निघायचे. घरात सांगायचं, जनावरांकडं चाललो. दूध मी काढून द्यायचे आणि परत अंथरुणावर येऊन पडायचे. त्या दहा दिवसांत मालक ताटावर बसले की मान वर करत नसत. पुढं आम्ही दोघांनी या गोष्टीचा कधी उच्चार केला नाही. नवराबायकोत काही गोष्टी अशा असतात, दोघांना माहीत आणि दोघांनी न बोलायच्या. ती मी, त्यांची राख सावडली त्याच दिवशी, चारचौघांत फोडली. माणूस स्वतःची बाजू मांडायला नसताना. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते खूप नंतर, पावसाळ्यात कधीतरी, भाकरी थापताना. तेव्हा भाकरी करपली.

भाया चिडतील असं मला वाटलं होतं. चिडले असते तर सोपं झालं असतं. ते खाली मातीकडे बघत राहिले. तोंडात पाला होता तो त्यांनी थुंकला, धोतराच्या सोग्यानं ओठ पुसले.

"ठाऊक हाय," ते म्हणाले. मध्ये जाऊबाईला न घेता, मला. "रानातल्या गोठ्यावर माझा बी कॅन भरून ठेवलेला असायचा. तो दोन्ही नेयचा."

"म्हंजे?" जाऊबाई म्हणाली. "मला तर म्हणले व्हते, वासराला पाजून राहिलो."

तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. भायांच्या आवाजात राग नव्हता, लाजही नव्हती. रोजचं काहीतरी सांगावं तसं ते सांगत होते. "बापाचे दहा दिवस मी विकले, बाई. हॉटेलात त्याचा चहा झाला. मी थोरला. मी न्हाई म्हणलो असतो तर तो गेला नसता. तो मला म्हणला बी व्हता, दादा, नको. मी म्हणलो, जा." "ते अठरा वर्षं नरड्यात अडकून हाय. म्हणून म्हणलो, ह्याचे तरी बराबर पाळू. ह्याच्या वाट्याला तरी पुरे दहा दिवस येऊ द्या."

म्हणजे मालकांनी नको म्हटलं होतं. हे मला माहीत नव्हतं. मी इतकी वर्षं समजत होते की ते हॉटेलासाठी गेले. ते भावाच्या शब्दासाठी गेले, आणि मलासुद्धा सांगितलं नाही की शब्द कुणाचा होता.

अशा वेळी बाईला रडू यायला हवं. अंगणातले सगळे तीच वाट बघत होते असं मला वाटलं. मी उभी होते. डोळे कोरडे. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "दादा, ह्यांचे पुरे दहा दिवस पाळले तर माझ्या म्हशी जातील. अन् म्हशी गेल्या तर मी कुठं जाऊ?"

त्यांनी काठी घेतली, उठले, पायतणं घातली आणि निघून गेले. मागोमाग बाकीचेही उठले. जाऊबाई आत जाऊन भांडी घासायला लागली, गरजेपेक्षा जास्त जोरात.

त्या संध्याकाळचं दूध पुन्हा ओतलं. वासरांना आता जास्त होत होतं, एकाला हगवण लागली होती. पोरगी येऊन सांगून गेली की आजही एकच कॅन. मी हूं म्हटलं.

चौथ्या दिवशी सकाळी मी धारा काढल्या. दूध गाळलं, कॅनमध्ये ओतलं, झाकण दाबलं, कॅन दाराशी आणला. का आणला, ते माहीत नाही. उकिरड्यावर न्यायचं तर दाराशी आणायची गरज नव्हती. हात सवयीनं आणतात.

दारात भाया उभे होते. एकटे. जाऊबाई नव्हती, कुणीच नव्हतं. पायांना धूळ लागलेली, म्हणजे बरेच फिरून आलेले दिसत होते. नंतर पोरीनं सांगितलं की उजाडल्यापासून त्यांनी भावकीतलं एकेक दार गाठलं होतं आणि प्रत्येक दारात एकच वाक्य बोलले होते, की सुतक ज्याला पाळायचं त्यानं घरात पाळा, दूध जाऊ द्या, काही दोष लागला तर तो माझ्या माथ्यावर. त्या सकाळी तीन कॅन भरले. त्यात पहिलं दूध त्यांनी स्वतः डेअरीवर नेऊन घातलं होतं, आपल्या घरचं. ते पोरीला म्हणाले म्हणे, माझ्या नावावर लिही, सगळ्यांच्या आधी.

तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. मी त्यांच्या धुळीच्या पायांकडे बघत होते.

"आण," ते म्हणाले.

मी कॅन पुढं सरकवला. त्यांनी एका बाजूची कडी धरली. दुसरी कडी माझ्या हातात होती. हा कॅन रोज याच दारातून याच वेळी जायचा, फक्त समोरच्या कडीवर हात दुसरा होता. थोरल्या भावाचा हात धाकट्यापेक्षा जाड, बोटं आखूड. पण नखं तशीच, कडेला तुटलेली, शेणाची रेघ बसलेली.

"दूध मी नेतो," भाया म्हणाले. "रोज नेत जाईन. तू आत जा अन् रडून घे, बाई. चार दिवस झाले. त्याच्यासाठी कुणीतरी रडाया पाहिजे ना. मला बी येऊन न्हाई राहिलं."

गाडीचा हॉर्न शाळेपाशी वाजला. गाडी थांबत नाही फार, सगळ्यांना माहीत आहे. मला कडी सोडायला हवी होती. सोड, असं मी हाताला म्हणत होते. हात सुटेना. रडू आलं नाही, नुसता हात सुटेना. आणि ते तिकडची कडी धरून तसेच उभे राहिले, ओढली नाही.